तीन पैठण्या आणि न चुकणारं गेट

एकोणतीस वर्षांच्या नोकरीत मी कपडे मोजले. शिवले नाहीत, विकले नाहीत, फक्त मोजले. नातेवाइकांना हे काम कधीच नीट समजलं नाही. लग्नकार्यात कोणीतरी हमखास विचारायचं, "तुम्ही कपड्यांच्या लाइनमध्ये ना? मग ही साडी जरा हात लावून सांगा, सुती आहे की मिक्स?" मला ते सांगता येत नाही. ती साडी कुठल्या रॅकवरून, कुठल्या खोक्यातून, कुठल्या दुकानात गेली असेल एवढं मी सांगितलं असतं, पण ते कोणाला नको असायचं.

नाशिकहून मुंबईच्या रस्त्याला विल्होळीजवळ आमचं गोदाम. उत्तर महाराष्ट्रात कंपनीची कपड्यांची बारा-चौदा दुकानं. सगळ्यांचा माल आधी आमच्याकडे यायचा आणि मग वाटला जायचा. शेवटची अकरा वर्षं मी त्या गोदामाची प्रमुख होते.

या धंद्याचं एक जुनं दुखणं आहे. समजा, धुळ्याच्या दुकानात गिऱ्हाइकाने बेचाळीस नंबरचा निळा शर्ट मागितला. काँप्युटर सांगतो, तीन आहेत. विक्रेता रॅकवर बघतो, एकही नाही. खरी परिस्थिती अशी असते की एक शर्ट ट्रायल रूममध्ये आरशामागे पडलेला आहे, दुसरा चुकून जळगावच्या खोक्यात गेलेला आहे आणि तिसरा मुळात आलेलाच नाही. गिऱ्हाईक पाच मिनिटं थांबतं आणि शेजारच्या दुकानात जातं. माल असतो पण सापडत नाही. आमचा निम्मा जन्म त्याच्यात जायचा.

आमच्याकडे यावर एक उपाय होता, त्याचं नाव कासीमभाई शेख. जुन्या नाशकातले, कंपनी दोन खोल्यांत होती तेव्हापासूनचे स्टोअरकीपर. फोन आला की डोळे मिटून सांगायचे, "बेचाळीस निळा ना? चौथी रांग, खालून दुसरं खोकं. पण त्याच्यावर भिजलेलं एक खोकं ठेवलंय, ते आधी काढा, नाहीतर तळ सुटेल." अडचण एवढीच की कासीमभाई एकच होते, आणि संध्याकाळी ते घरी जात.

म्हणून टॅग आले. आरएफआयडी म्हणतात त्याला. दिसायला साधं कागदी स्टिकर. आत तांब्या-अॅल्युमिनियमची केसासारखी नक्षी आणि मोहरीपेक्षा लहान चिप. बॅटरी वगैरे काही नाही. दारात एक गेट उभं असतं, ते रेडिओलहरी सोडतं. त्या लहरी अंगावर पडल्या की टॅगला तेवढ्यापुरता जीव येतो आणि तो आपला नंबर सांगतो. बारकोड म्हणजे वर्गात एकेकाला उभं करून घेतलेली हजेरी. टॅग म्हणजे सगळा वर्ग एकदम "हजर" ओरडतो, आणि गेट नावाच्या मास्तरांना प्रत्येकाचा आवाज वेगळा ओळखता येतो. खोकं उघडावं लागत नाही. ढकलगाडी गेटमधून गेली की आत काय काय आहे त्याची यादी पडद्यावर. शिवाय हातात धरायचं एक यंत्र मिळालं, त्याला सगळे गन म्हणायचे. रॅकसमोर गन फिरवली की मोजणी झाली.

हे सगळं बसवायला पुण्याहून अद्वैत नावाचा इंजिनिअर आला. हुशार, नम्र, आणि दिवसाला आठ चहा. पहिल्या आठवड्यात गेटने शेजारी उभ्या असलेल्या मालाचीही हजेरी घेतली. एक अख्खी ढकलगाडी कागदोपत्री मालेगावला पोचली, आणि कासीमभाई तिच्यावर बसून डबा खात होते. अद्वैतने गेटची ताकद कमी केली, बाजूला जाळी लावली, मग सुधारलं.

दुसरा प्रकार नाशकातल्या कॉलेज रोडच्या दुकानात झाला. तिथल्या साठ्यात दर रविवारी एक पॅन्ट वाढायची. करड्या रंगाची, छत्तीस कमरेची. शोधली तर सापडायची नाही. तीन रविवार झाल्यावर मी स्वतः जाऊन दारात बसले. साडेअकराला पडद्यावर पॅन्ट वाढली. दारातून एक निवृत्त शिक्षक आत येत होते. त्यांच्या अंगावरच्या पॅन्टमध्ये, धुण्याच्या सूचनांच्या पट्टीत टॅग शिवलेला होता. विकताना तो बंद करायचा राहून गेला होता. गुरुजी दर रविवारी एसीत पेपर वाचायला यायचे आणि दुकान त्यांना परत आलेला माल म्हणून जमा करून घ्यायचं.

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. ते गंभीर झाले.

"म्हणजे मी तुमच्या स्टॉकमध्ये आहे?"

"तुम्ही नाही सर. पॅन्ट."

"मग मला बाहेर जाताना वजा करता का?"

"नाही. तेच चुकतंय."

"तीन रविवार मी दुकानात साठून राहिलोय म्हणा की," ते म्हणाले आणि पट्टी कापून द्यायला ट्रायल रूममध्ये गेले.

असे किरकोळ प्रकार सोडले तर टॅगने काम केलं, हे मला अभिमानाने सांगायचंय. दुकानं दोन दिवस बंद ठेवून व्हायची ती मोजणी दुपारच्या जेवणाआधी होऊ लागली. जळगावचा माल जळगावलाच जाऊ लागला. एकदा साठ टी-शर्टांचं खोकं कासीमभाईंनी हाताने मोजलं, ते म्हणाले एकसष्ट. गेट म्हणालं साठ. मी पुन्हा मोजले. साठच. कासीमभाईंनी चष्मा काढून पुसला. त्याच दिवशी मी ठरवलं की आता हाताने याद्या करायच्या नाहीत. गेट वाचेल ती यादी. तोपर्यंत प्रत्येक खोक्यात पाठवणारा माणूस स्वतः मोजून चिठ्ठी टाकायचा. ती पद्धत मी बंद केली. त्या वर्षी मुख्य कार्यालयाने त्याबद्दल माझं कौतुकही केलं होतं.

आता हिराबद्दल.

हिरा गावित सुरगाण्याकडची. आधी द्राक्षांच्या छाटणीला दिंडोरीत यायची, मग कुणाच्या तरी ओळखीने ठेकेदारामार्फत आमच्याकडे लागली. विल्होळी गावात एक खोली भाड्याने घेऊन राहायची. नवरा नव्हता, मुलगी तिथल्याच शाळेत चौथीला. टॅग लावायच्या लांब टेबलावर बारा बायका बसायच्या, त्यात हिराचा हात सगळ्यात सफाईदार. टॅग कुठे लावायचा याचं चित्र कंपनीने प्रत्येक कपड्यासाठी दिलेलं होतं. हिराने ते एकदा बघितलं की पुन्हा बघावं लागत नसे. म्हणून जाळीच्या खोलीत तिला नेमलं. जाळीची खोली म्हणजे भारी मालाची, कुलपातली खोली. तिची किल्ली दोघांकडेच: कासीमभाई आणि हिरा.

त्या वर्षी लग्नसराईसाठी येवल्याच्या पैठण्या मोठ्या प्रमाणात घेतल्या. पैठण्यांनाही टॅग लावायचा निर्णय झाला. चित्र आलं: साडीची घडी, घडीच्या आतल्या बाजूला, काठाजवळ टॅग. म्हणजे गिऱ्हाइकाला बाहेरून दिसणार नाही.

आठवडाभरात हिरा माझ्या केबिनच्या दारात उभी राहिली.

"मॅडम, ह्या जड साड्या हाय ना, त्यांचा टॅग गनला दिसत नाय."

"कुठल्या?"

"काही काहीच. पदर लय भारी हाय त्या. घडी मिटली का टॅग मुका होतो."

मी तिच्याबरोबर गेले. गन धरली. आवाज नाही. थोडी तिरपी धरली. नाही. खालून धरली, तेव्हा एकदा टुक् वाजली.

"हे बघ, दिसतोय," मी म्हणाले. "कोन बदलून धरायची."

"गेट कुठं कोन बदलतं, मॅडम?"

हा प्रश्न मला आजही शब्दशः आठवतो. तेव्हा मी त्याला उत्तर दिलं ते असं: "चित्रात दाखवलंय तसंच लाव. आपण आपलं डोकं चालवायचं नाही."

मग महिनाअखेरची मोजणी आली. कासीमभाई पुतणीच्या लग्नाला भिवंडीला गेले होते. जाळीच्या खोलीत काँप्युटरच्या हिशेबाने असायला हव्या होत्या त्यापेक्षा तीन पैठण्या कमी भरल्या. भारी माल म्हणून मी स्वतः हाताने मोजल्या, दोनदा. तीन कमीच. गेटची नोंद काढली. त्या तीन नंबरांच्या साड्या गेटमधून बाहेर गेलेल्याच नव्हत्या. म्हणजे त्या दुकानांना पाठवलेल्या नाहीत. खोलीत नाहीत. आणि त्या आठवड्यात खोलीत एकटी हिरा होती.

मी दुसरा कुठला विचार केला नाही, कारण सगळं इतकं सरळ दिसत होतं. मी ठेकेदाराच्या सुपरवायझरला बोलावून तफावत सांगितली. मी "चोरी" हा शब्द वापरला नाही. तो त्याने वापरला. शिफ्ट सुटताना, माल चढवायच्या-उतरवायच्या धक्क्यावर, सगळ्यांसमोर त्याने हिराची पिशवी उघडायला लावली. जेवणाचा रिकामा डबा, फणी, नागलीच्या पिठाची पुडी, मुलीच्या शाळेची सहामाही परीक्षेची चिठ्ठी. एवढंच निघालं.

"आज नाही सापडली म्हणून काय झालं," सुपरवायझर म्हणाला. "चोरी काय रोज करतात का?"

हिराने माझ्याकडे बघितलं. मी पंधरा पावलांवर उभी होते. तिला वाटलं असणार की मी काही बोलेन. मी हातातल्या कागदाकडे बघत राहिले. त्या कागदावर तीन नंबर होते.

पोलिसात जायचं नाही असं कंपनीने ठरवलं, त्यात आपण तिच्यावर उपकार केले असं आम्हाला वाटलं. दुसऱ्या दिवशी तिचा गेटपास जमा करून घेतला. कामावरून कमी करण्याच्या कागदावर सही माझी.

चार दिवसांनी कासीमभाई परतले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खुर्ची ओढून बसले. माझ्यासमोर ते सहसा बसत नसत.

"तीन नेल्या म्हणता?"

"तीन कमी आहेत."

"मॅडम, ती पोरगी गावी जाताना सुरगाण्याच्या जीपमध्ये बसते. त्या जीपमध्ये कोणी नवी बादली घेऊन बसलं तरी अख्ख्या खोऱ्याला कळतं, केवढ्याला घेतली ते. तीन पैठण्या घेऊन बसली आणि कोणी बघितली नाही?"

"मग गेल्या कुठे?"

"ते मला माहीत नाही. तुमच्या गेटला विचारा, ते चुकत नाही ना?"

त्यांनी हे चिडून म्हटलं नाही. त्यामुळेच मला ते जास्त लागलं. पण मी काही केलं नाही. दिवाळीचा माल धक्क्यावर उभा होता.

दिवाळी झाली. तुळशीचं लग्न झालं, लग्नाची खरेदी सुरू झाली, आणि एका दुपारी सटाण्याच्या दुकानाच्या मॅनेजरचा फोन आला.

"मॅडम, एक अडचण आहे. गिऱ्हाईक समोर बसलंय. नवरीची आई आहे. पैठणी पसंत पडली. बिल करायला गेलो तर काँप्युटर म्हणतो, ही साडी तुमच्या गोदामात आहे."

"नंबर वाचा."

त्याने वाचला. मला कागद बघायची गरज नव्हती. तो नंबर मला पाठ होता.

फोनमध्ये मागून त्या बाईंचा अहिराणीतला आवाज येत होता. "साडी ते मन्हा हातमा शे! गोदाममा कशी काय ऱ्हाई?"

मी मॅनेजरला म्हटलं, "त्यांचं बरोबर आहे. साडी द्या त्यांना. आणि रॅकवरच्या बाकीच्या पैठण्यांना हात लावू नका, मी निघाले."

कासीमभाईंना घेतलं, गन घेतली आणि कंपनीच्या गाडीने सटाणा गाठलं.  दुकानात पैठण्यांच्या रॅकसमोर गन फिरवली. जेवढ्या वाचल्या तेवढ्या नोंदीशी जुळल्या. मग कासीमभाईंनी हाताने मोजल्या. दोन जास्त.

त्या दोन साड्या ओळखायला वेळ लागला नाही. वजनालाच वेगळ्या होत्या. काउंटरवर ठेवून गन धरली: गप्प. कासीमभाईंनी पदराची घडी उलगडली: टुक्. घडी मिटली: गप्प. उलगडली: टुक्. दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांना वाटलं, आम्ही काहीतरी नवीन स्कीम दाखवतोय.

कारण अगदी साधं होतं. धातूजवळ रेडिओलहरींचं काही चालत नाही, हे अद्वैतने आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. म्हणून पत्र्याच्या डब्यांना वेगळे टॅग असतात. हल्लीच्या बहुतेक पैठण्यांच्या जरीत धातू नावापुरता असतो. त्यांचे टॅग व्यवस्थित बोलायचे. या तिघींच्या जरीत खरी चांदीची तार होती आणि पदर भरगच्च. घडी मिटली की टॅग चांदीच्या दोन थरांमध्ये बंद. हिराने त्या बाकीच्यांबरोबर सटाण्याच्या खोक्यात भरल्या. गेटला दिसल्या नाहीत, म्हणून यादीत आल्या नाहीत. दुकानात खोकं पोचलं, तिथल्या गनलाही दिसल्या नाहीत, म्हणून यादी बरोबर जुळली. हाताने कोणी मोजलंच नाही, कारण हाताने मोजायचं मी बंद केलं होतं. काउंटरवर नवरीच्या आईने पदर अंगावर टाकून बघितला, तेव्हा कुठे टॅगला बोलता आलं.

दुकानाच्या मागच्या खोलीतून मी अद्वैतला फोन लावला. त्याने शांतपणे सगळं ऐकलं आणि म्हणाला, "मॅडम, ही एज केस आहे. फार क्वचित होतं."

"अद्वैत," मी म्हटलं, "त्या एज केसचं नाव हिरा गावित आहे."

तो म्हणाला, "तिने तुम्हाला सांगितलं होतं का?"

मी "हो" म्हटलं. एवढा एक शब्द बोलायला मला जेवढा त्रास झाला, तेवढा नोकरीत दुसरा कुठलाही बोलायला झाला नाही.

मुख्य कार्यालयाने दोन दिवसांत पत्र दिलं. "साठ्यातील तफावतीचा उलगडा झाला असल्याने संबंधित कामगारास पुन्हा कामावर घेण्यास हरकत नाही." त्यात चूक कोणाची, हे कुठेच नव्हतं. जणू तफावत आपोआप आली आणि आपोआप गेली. मी आणि कासीमभाई ते पत्र घेऊन निघालो. दिंडोरी, वणी ओलांडून घाट चढलो. सुरगाण्यापासून पुढे तिच्या पाड्यापर्यंत गाडी जात नव्हती, शेवटचा अर्धा तास चाललो. कासीमभाईंचा गुडघा दुखत होता, पण थांबायला तयार नव्हते.

हिरा खळ्यावर भात झोडत होती. आम्हाला बघून तिने हातातली पेंढी पूर्ण झोडली, बाजूला ठेवली, मग हात पुसले. तिच्या म्हाताऱ्या वडलांनी बाज पुढे ओढली. पाणी आलं.

मी सगळं सांगितलं. सटाणा, पदर, चांदी, गेट.  टॅग मुका होतो यात तिला नवीन काहीच नव्हतं. शेवटी मी म्हणाले, "तू मला सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही. चूक माझी आहे." आणि पत्र पुढे केलं.

तिने ते घेतलं, वाचलं आणि परत माझ्या हातात दिलं.

"हे काय करू मी?"

"कामावर परत येता येईल."

"मॅडम, मला वाचता येतं. पण हे कोणाकोणाला दाखवत फिरू? खोलीच्या मालकिणीने माझं सामान ओट्यावर काढलं. म्हणली, चोराला खोली नाय. तिला दाखवू? पोरीची परीक्षा बुडाली, मास्तरला दाखवू?"

मी पत्राची घडी घातली.

"पिशवी उघडली माझी, तवा तिथं किती माणसं होती?"

"तीस-पस्तीस," कासीमभाई म्हणाले.

"तेवढी उभी करा. त्याच जागी. मग जे आता मला सांगितलं ते तिथं सांगा. मी येते ऐकायला." ती उठली आणि पुढची पेंढी उचलली. बोलणं संपलं होतं. निघताना तिच्या वडलांनी कासीमभाईंना टेकायला एक काठी दिली.

पुढच्या सोमवारी सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या वेळी मी सगळ्यांना धक्क्यावर बोलावलं. तासभर आधी मुख्य कार्यालयातून फोन आला होता. "मॅडम, तुम्ही असं जाहीर काही कबूल करू नका. उद्या कंपनीला अडचण होईल." मी म्हटलं, बघते. त्याच जागी सगळे उभे राहिले. सुपरवायझरही होता. हिरा पहिल्या जीपने निघून आली होती, तीच पिशवी खांद्यावर. ती बायकांमध्ये उभी राहिली नाही, समोर एकटी उभी राहिली.

मी भाषण तयार केलं होतं, ते विसरले. मी म्हणाले, "हिराने काही नेलं नव्हतं. साड्या सटाण्याच्या दुकानात होत्या. गेटला दिसल्या नाहीत. गेटला दिसणार नाहीत हे हिराने मला आधीच सांगितलं होतं, मी तिला गप्प केलं. तिची पिशवी उघडली तेव्हा मी इथेच उभी होते आणि काही बोलले नाही. ती चोर नाही. चूक माझी होती."  

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, ते बरं झालं. सुपरवायझर खाली बघत होता. हिरा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तुम्ही?"

"मला जे वरून सांगितलं..."

"वरून पिशवी उघडा सांगितलं. चोर कोणी सांगितलं?"

तो म्हणाला, "चुकलं, बाई."

"मोठ्याने म्हणा. तवा मोठ्याने म्हणला होता."

त्याने मोठ्याने म्हटलं. मग हिरा माझ्याकडे वळली. "आता टॅग कुठं लावायचा ते बघू," म्हणाली आणि जाळीच्या खोलीकडे चालू लागली.

त्या दिवशी दुपारपर्यंत तिने उपाय काढला. टॅग पुठ्ठ्याच्या छोट्या तुकड्यावर चिकटवायचा आणि दोऱ्याने घडीच्या बाहेर, काठापासून चार बोटं लांब लोंबता सोडायचा. पैठणी कितीही भारी असो, गेट वाचायचं. अद्वैतने येऊन वेगवेगळ्या लांबीचे दोरे लावून बघितले आणि तिचीच चार बोटं बरोबर ठरली. ही पद्धत आता कंपनीच्या सगळ्या दुकानांत आहे. पुस्तिकेत तिच्याखाली मुख्य कार्यालयाच्या एका विभागाचं नाव आहे. अद्वैतने हिराचं नाव घालायचा प्रयत्न केला होता, पण पुस्तिकेत ठेकेदाराच्या कामगारांचं नाव घालायची सोय नाही, असं कळलं. मी एकच करू शकले: तिला ठेकेदाराकडून काढून कंपनीच्या नोकरीत घेतलं. त्याला दीड वर्ष लागलं. जाहीर कबुलीबद्दल मला मिळालेला मेमो मात्र त्याच आठवड्यात आला. आणि भारी मालाची खोकी पुन्हा हाताने मोजली जाऊ लागली. गेट वाचतं, माणूस मोजतो, दोन्ही जुळलं तर खोकं जातं. यात वेळ जातो. जाऊ दे.

सगळं पूर्ववत झालं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. हिराची मुलगी सुरगाण्याकडच्या आश्रमशाळेत घातली होती, ती तिकडेच राहिली. विल्होळीच्या शाळेत परत यायला ती तयार झाली नाही. आणि हिराही माझ्याशी पूर्वीसारखी बोलली नाही. कामात कधी चुकली नाही, उलट बोलली नाही, पण मालाबद्दल काहीही सांगायचं असलं की एकटी यायची नाही. कासीमभाईंना किंवा टेबलावरच्या एखाद्या बाईला बरोबर आणायची. "तुम्ही पण ऐका," असं त्यांना म्हणायची आणि मग मला सांगायची. कासीमभाई निवृत्त झाल्यावर ती दारावरच्या वॉचमनला आणायची. बिचारा हातातली काठी सांभाळत, कुठल्या रॅकमधली कुठली खोकी ओली झालीत ते गंभीरपणे ऐकून घ्यायचा. पाच वर्षं हे चाललं. मी तिला कधी विचारलं नाही. विचारायचा अधिकार मला नव्हता.

मी निवृत्त झाले त्या दिवशी दुपारी निरोपाचा कार्यक्रम झाला. शाल, नारळ, भाषणं. मुख्य कार्यालयातून आलेल्या साहेबांनी मला टॅग आणणारी दूरदृष्टीची अधिकारी म्हटलं. कार्यक्रम संपल्यावर मी केबिनमध्ये खण रिकामे करत होते. दार वाजलं. हिरा होती. मी सवयीने तिच्या मागे बघितलं. मागे कोणी नव्हतं.

ती आत आली. दार लोटून घेतलं.

"मॅडम, सहाव्या रांगेत खालच्या खोक्यांना वाळवी लागलीय. आत्ताच बघितली. मफलरांची खोकी हायत."

"किती खोकी?"

"चार तरी. भिंतीकडून आलीय."

मी शाल बाजूला ठेवली, खुर्चीच्या पाठीवरचा कामाचा कोट घातला आणि आम्ही दोघी सहाव्या रांगेकडे गेलो. खोकी पाच निघाली.